एका पत्त्यावरची सदतीस घरं

पत्ते वाटायचं काम हातात आल्यापासून माझा स्वभाव बिघडला, असं माझी बायको म्हणते. त्याआधी मी नुसताच आळशी होतो.

मी लोणावळ्यात इंटरनेट पुरवतो. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात बाजारात चिक्कीच्या दुकानावर एक खोली आहे, खोलीत जाळीचं कपाट, कपाटात लुकलुकणारे डबे. तिथून निघालेल्या वायरी खांबांवरून, झाडांवरून आणि एका लॉजच्या गच्चीवरून (लॉजमालकाच्या अजून लक्षात आलेलं नाही) एका अंगाला खंडाळ्यापर्यंत आणि दुसऱ्या अंगाला बेडशाच्या लेण्यांखालच्या गावापर्यंत गेल्यात. याच खांबांवरून पूर्वी मी केबल टीव्ही दाखवायचो. लोक टीव्ही सोडून मोबाइल बघायला लागले, तसा मीही त्यांच्या मागोमाग गेलो. पुढं जायचं मला कधी जमलंच नाही.

या धंद्यात कमी पडते ती वायर नाही की वीज नाही. कमी पडतात पत्ते. इंटरनेटला जोडलेल्या ठिकाणाला आकड्यांचा एक पत्ता लागतो, चार आकडे, मध्ये टिंबं. ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांना वाटलं, एवढे पत्ते जगाला कायमचे पुरतील. माझ्या वडिलांनाही वाटलं होतं की दोन खोल्या चार मुलांना पुरतील. आता नवे लांबलचक पत्ते आलेत आणि ते हवे तेवढे आहेत. पण माझे जुने डबे आणि गिऱ्हाइकांचे त्याहून जुने कॅमेरे त्यांना ओळखच देत नाहीत. त्यामुळं माझी सगळी मदार अडीचशेच्या आसपास जुन्या पत्त्यांवर. अर्ज केला तेव्हा तेवढेच मिळाले. पुन्हा मागितले तर रांगेत थांबा म्हणाले. रांग अजून तिथंच आहे, मीही.

गिऱ्हाइकं मात्र हजाराच्या वर. मग एका पत्त्यावर तीस-चाळीस घरं बसवायची. गावाकडं हे समजावताना मी सामाईक सातबाऱ्याचं उदाहरण देतो. गट एक आणि त्यावर नावं सत्तावीस. बाहेरच्याला नुसता गट दिसतो. आत कोण कुठल्या तुकड्यात नांगर घालतो ते आतल्यांनाच ठाऊक. आमच्याकडं ते डब्याला ठाऊक असतं. तो प्रत्येक घराला त्या एका पत्त्याच्या काही खिडक्या देतो. खिडक्यांना नंबर असतात. एखादं घर थंडावलं की त्याच्या खिडक्या दुसऱ्या घराला मिळतात. आणि कोणती खिडकी किती वाजता कोणाकडं होती, हे डबा लिहून ठेवतो.

वाटायला कमी असलं की वाटणारा माणूस संशयी होतो. खंडाळ्याच्या बंगलेवाल्यांना प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता हवा असतो, मुंबईत बसून फाटकावरचा कॅमेरा बघायला. कोणी पत्ता मागितला की मी डोळे बारीक करून विचारायचो, "कशाला हवाय?" एका हॉटेलवाल्यानं मला सुनावलं होतं, "अहो, पत्ता मागतोय, तुमची मुलगी नाही मागत!" पत्त्यांची वही मी कुलपात ठेवायचो आणि कुलपाची किल्ली कुठं ठेवली ते विसरायचो.

एकदा त्या वहीत मोकळा दाखवलेला पत्ता चक्क वापरात सापडला. पहिला संशय मेव्हण्यावर. हा बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याकडंच कामाला. खांबावर चढतो, वायरी जोडतो, आणि निम्म्या लोणावळ्यात त्याचे मित्र आहेत. आठवडाभर मी त्याच्याशी तिरकं बोललो. शेवटी तो म्हणाला, "दाजी, काय असेल ते सरळ विचारा की." विचारणार होतो, तेवढ्यात वहीच्या मागच्या पानावर माझ्याच अक्षरातली नोंद सापडली. एका बंगलेवाल्यानं फारच तगादा लावला म्हणून मीच आमच्या ऑफिसचा पत्ता काढून त्याला दिला होता, आणि ऑफिसला खंडाळ्याच्या कडेला असलेल्या एका वाडीबरोबर सामाईक पत्त्यावर बसवलं होतं. मेव्हण्याला मी चहा पाजला. माफी मागितली नाही. दाजींनी मागायची पद्धत नाही.

ऑफिसातल्या घड्याळाबद्दलही सांगायला हवं. ते दहा मिनिटं पुढं असतं. पुण्याला सामान आणायला निघालो की माझी लोकल चुकायची, म्हणून बायकोनं ते पुढं केलं. आता घरातले सगळेच मनातल्या मनात दहा वजा करतात आणि माझी लोकल पूर्वीसारखीच चुकते. आमच्याकडं कोणी वेळ विचारली की उलट विचारतात, "घड्याळातली, का खरी?"

तर एका मंगळवारी दुपारी हवालदार आले. गृहस्थ माझ्याच वयाचे, जिना चढून दमलेले. त्यांनी कागद पुढं केला. खंडाळ्यातल्या एका बंगल्याचे फोटो टाकून, तो भाड्यानं मिळेल अशी खोटी जाहिरात कोणीतरी इंटरनेटवर दिली होती आणि आगाऊ रक्कम घेऊन गायब झालं होतं. दोन कुटुंबं बॅगा, कुकर आणि एका आजोबांसकट फाटकाशी येऊन उभी राहिली, तर आत खुद्द मालक हाफ पँटवर झाडांना पाणी घालत होते. ती जाहिरात ज्या पत्त्यावरून टाकली गेली, तो पत्ता माझ्या अडीचशेतला. तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार, संध्याकाळचे सात वाजून एकतीस मिनिटं. खिडकीचा नंबरही दिलेला.

"या पत्त्यावर कोण राहतं?" हवालदारांनी विचारलं.

"सदतीस घरं."

"एका पत्त्यावर?"

"पत्ते संपलेत साहेब."

"म्हणजे चाळच की! मग त्यातलं नेमकं घर कुठलं, ते उद्या संध्याकाळपर्यंत लेखी द्या."

ते खाली उतरले आणि चिक्की घ्यायला थांबले. पैसे देतात का, हे मी वरून वाकून बघितलं. त्यांनी दिले. माझा संशय तेव्हा कुठवर गेला होता ते यावरून कळावं.

मी डब्यातली नोंद काढली. सात एकतीसला ती खिडकी आबांच्या घराकडं होती.

आबा खंडाळ्याच्या कडेच्या त्या वाडीतले. साठी उलटलेली, अंगानं काटक. डोंगरउतारावर थोडं भात पिकतं, त्यात वर्ष निघत नाही. घर चालतं ते खंडाळ्यातल्या तीन बंगल्यांच्या राखणीवर. तिन्ही बंगल्यांच्या किल्ल्या पंधरा वर्षं त्यांच्याकडं. ज्या बंगल्याची खोटी जाहिरात झाली, तो त्या तिन्हींपैकीच.

मग काय, सगळं भराभर जुळायला लागलं. महिन्याभरापूर्वी आबांनी मला फोटो कसा पाठवायचा ते विचारलं होतं. त्यांच्या हातात नवा मोबाइल दिसला होता. परवा रस्त्यात भेटले तर नेहमीपेक्षा जरा जास्तच हसले. त्यांनी कमी हसलं असतं तरी मला जुळलंच असतं.

"दाजी, आबा?" मेव्हणा म्हणाला. "त्यांना मोबाइलवर नुसता अंगठा पाठवायचा तर सुनेला हाक मारतात."

"सून घरातलीच ना?"

"झालं! आता सुनेवर आलात."

बायको ऑफिसात तक्रारींचे फोन घेते. ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हाला माझा भाऊ चोर वाटला होता."

"ते वेगळं होतं."

"हो ना. तो भाऊ होता म्हणून त्याला चहा तरी मिळाला. आबांना काय मिळणार?"

त्यावर मी जे केलं ते आजही सांगताना मला घसा खाकरावा लागतो. मी बंगल्याच्या मालकांना फोन लावला. माझं जुनं गिऱ्हाईक. त्या दिवशी ते बंगल्यावरच होते. नाव मी घेतलं नाही, एवढंच म्हणालो, "साहेब, काही दिवस किल्ल्या आपल्याकडंच ठेवलेल्या बऱ्या." नाव घ्यायची गरजच नव्हती. किल्ल्या एकाच माणसाकडं होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाइन तपासायच्या निमित्तानं वाडीवर गेलो. खरं म्हणजे आबांचा चेहरा तपासायला. घरात शिरल्याबरोबर नजर गेली ती दाराच्या चौकटीकडं. तिथं ओळीनं तीन खिळे आहेत. एरवी त्यांवर किल्ल्या लटकलेल्या असायच्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. तिन्ही खिळे मोकळे होते.

"भाऊ, बरं झालं आलात," आबा म्हणाले. "किल्ल्या नेल्या वो. सकाळीच मालक सोता आलते. दुसऱ्या दोगांच्याबी त्यांनीच नेल्या. फोनवर ठरलं म्हनले तिगांचं. कारान काय त्ये सांगत न्हाईत."

"पंदरा वर्सं झाली," आतून मावशी, म्हणजे आबांची बायको, बोलल्या. "कुटलं बटान कुटल्या पंक्याचं, त्ये मालकाला ठावं न्हाई, यास्नी ठावं हाय."

"तुमची वळख हाय त्यांच्याशी," आबा माझ्याजवळ सरकले. "जरा इचारून बगा की. आमचं काय चुकलं, येवडं कळलं तरी लय झालं."

चहाचा कप मी हातात धरून ठेवला, पिववेना. पण संशय असा लोचट, की तेवढ्यातही मी वळणावळणानं विचारलंच, "आबा, तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी संध्याकाळी नेट नीट चालत होतं का? तपासणी चाललीय म्हणून विचारतो."

"कंचा रविवार?" आबा आठवायला लागले.

"अवो, माकडानं वायर वढली त्यो," मावशी म्हणाल्या.

"व्हय व्हय! सूनबाय मोबाइलवर शिरेल बगत हुती. माकाड आलं, वायरीला लोंबाकळलं, नेट बंद. तुमालाच तर फोन केलता. दोनदा. तुमी उचललाच न्हाई."

"मी रविवारी सहसा—"

"तुमी सोमवारीबी न्हाई उचलत," मावशींनी हिशेब चुकता केला.

मी मोबाइल काढून त्या रविवारपर्यंत मागं गेलो. आबांचे दोन मिस्ड कॉल होते, सात सव्वीसला आणि सात अठ्ठावीसला. मनात काय आलं? तर, वा! जाहिरात टाकायच्या आधी पुरावा तयार करून ठेवला. माकडालाही सामील करून घेतलं असं काही मी ठरवलं नव्हतं, पण फार लांबही नव्हतो.

ऑफिसात येऊन दोघांना माकडाचं सांगितलं आणि पुन्हा नोंद उघडली. आबांची वायर तुटल्याची वेळ सात चौतीस.

"सापडले!" मी ओरडलो. "वायर तुटली सात चौतीसला आणि आबांनी तक्रार केली सात सव्वीसला. आठ मिनिटं आधी!"

"म्हणजे आबांना भविष्य कळतं?" बायको म्हणाली.

"म्हणजे ते खोटं बोलतायत."

"मग वायरीवर लोंबकळलेलं माकडही त्यांनीच बोलावलं?" ती उठून कपाटाजवळ आली. पडद्यावरची वेळ तिनं बघितली, भिंतीवरची बघितली, मग भावाला विचारलं, "या डब्यातली वेळ कोणी लावली रे?"

"मीच. वीज पडून जुना डबा जळाला तेव्हा." तो सेकंडहँड डबा आम्ही पुण्याहून आणला होता. असले डबे स्वतःची वेळ स्वतः आणतात; आमचा आणायचा तर परदेशातली आणायचा, म्हणून हातानं लावावी लागली. "मी टेबलाखाली होतो," मेव्हणा आठवत म्हणाला, "मोबाइल चार्जिंगला लावलेला. दाजी शिडीवर होते. मी विचारलं, दाजी, किती वाजले? ते म्हणाले, सहा चाळीस."

"ते घड्याळातले!" मी म्हणालो.

"मला वाटलं खरे सांगताय."

"मला वाटलं तू वजा करशील."

बायकोनं आम्हा दोघांकडं एकेकदा बघितलं आणि स्वतःचा मोबाइल पडद्याला टेकवून धरला. मोबाइलवर बारा दहा. डब्यात बारा वीस. पावसाळ्यापासून आमचा डबा दहा मिनिटं पुढच्या जगात राहत होता, आणि आम्ही त्याच्या सांगण्यावरून माणसं ओळखत होतो.

म्हणजे हवालदारांच्या कागदावरचे सात एकतीस हे डब्याच्या हिशेबानं सात एकेचाळीस. तोवर आबांची वायर तुटून गेलेली, त्यांच्या खिडक्या मोकळ्या झालेल्या आणि रांगेतल्या पुढच्या घराला मिळालेल्या. मी बोट ओळीवरून खाली नेलं. पुढचं घर म्हणजे आमचं ऑफिस.

मी मेव्हण्याकडं बघितलं. मग बायकोकडं.

"माझ्याकडं बघायचं नाही असं," ती म्हणाली. "खाली जाऊन पाटी बघा."

चिक्कीच्या दुकानाबाहेर मी एक पाटी रंगवून घेतली होती. मोफत वायफाय, त्याखाली पासवर्ड, त्याखाली आमच्या धंद्याची जाहिरात. ही कल्पना माझीच, आणि मी ती चार लोकांत सांगतही असायचो. रविवारी संध्याकाळी त्या दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतल्या कोणीही चिक्की चघळत चघळत माझ्या खिडकीतून जाहिरात टाकली असेल. त्या पाटीवरून कोण आत येतं, याची नोंद? ती मी ठेवत नव्हतो. मी दुसऱ्यांच्या घरांची ठेवत होतो.

खरं लिहायचं तर एक मिनिट मनात आलंच. घड्याळाचं आम्हा तिघांनाच माहीत आहे. डबा आबांचं नाव सांगतोय. डब्याला कोण खोटं ठरवणार? हवालदारांना द्यायचं पत्र टाइप होऊन तयारच होतं. बायको माझ्या मागं उभी होती. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. मी आबांचं नाव खोडलं आणि पहिल्या ओळीत स्वतःचं लिहिलं.

संध्याकाळी हवालदारांनी पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे पासवर्ड भिंतीवर, घड्याळ पुढं, आणि नाव येतं तिसऱ्याचंच."

"हो साहेब."

"त्या रविवारी सात एकतीसला तुम्ही कुठं होता?"

"घरी. झोपलो होतो."

"संध्याकाळी साडेसातला?"

"रविवार होता..."

"कोणी बघितलं?"

बायको तेव्हा ऑफिसात होती, मेव्हणा मित्राकडं. मी म्हणालो, "दोन मिस्ड कॉल आहेत, न उचललेले." ते ऐकून मलाच माझा संशय आला. हवालदारांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं, अगदी तसंच, जसं सकाळी मी आबांकडं बघितलं होतं. मग पाटी उतरवायला सांगून आणि मला दोनदा ठाण्यात यायला लावून त्यांनी तपास पुढं नेला. तो माणूस सापडला की नाही, मला कळलं नाही.

मालकांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. "तुम्हीच म्हणालात म्हणून काढून घेतल्या," ते चिडून म्हणाले. ते बरोबरच होतं. आठवड्याभरात दोन किल्ल्या आबांकडं परत आल्या, त्यांच्या बंगल्याचीही. तिसऱ्या बंगल्याला नवं कुलूप लागलं होतं आणि फाटकावर कुठल्याशा एजन्सीचा वॉचमन. त्या मालकांना मी तीनदा समजावलं. ते म्हणाले, "तुमचं पटतंय हो, पण एकदा मनात आलं ना." मनात आणणारा मीच होतो. वाद काय घालणार?

मग मी वाडीवर गेलो. आबांना सगळं सांगितलं. घड्याळ, खिडक्या, पाटी. फोनचंही सांगितलं. ते सांगताना मी चौकटीकडं बघत होतो. दोन चिंध्या, एक मोकळा खिळा.

"म्हंजी किल्ल्या काडून घ्या म्हून तुमी सांगितलं व्हय," आबा एवढंच म्हणाले. राग नव्हता त्यात. हिशेब लागल्यासारखं होतं.

"च्या ठिवू का नगं?" मावशींनी विचारलं. मला नाही, आबांना.

"ठिव," आबा म्हणाले. "लांबनं आलेत."

चहा झाला. तिसऱ्या मालकांशी पुन्हा बोलतो म्हणालो, त्यावर आबांनी रिकामे कप मावशींकडं सरकवले. मी निघालो तसे ते अंगणापर्यंत आले.

"भाऊ, वाजले किती?"

मी आधी मनगटाकडं बघितलं, मग खात्रीसाठी मोबाइल काढला. "चार वाजून पाच मिनिटं," मी म्हणालो. "खरे."

आबांनी मान वर केली. कपाळावर हात आडवा धरून डोंगराच्या धारेवरचा सूर्य नीट निरखला, मग अंगणात पडलेली कुडाची सावली बघितली.

"व्हय," ते म्हणाले, "असतील."